घर जुनं होतं, पण दोष खिळ्यांचा होता

व्हिनाइल सायडिंग भिंतीवर ठोकायचं नसतं, टांगायचं असतं. घराला बाहेरून लावायच्या या प्लास्टिकच्या प्रत्येक पट्टीच्या वरच्या कडेला लांबट भोकं असतात. खिळा त्या भोकाच्या मधोमध, सरळ मारायचा आणि त्याचं डोकं पट्टीला टेकायच्या आत हात थांबवायचा. डोक्याखाली सुमारे १/३२ इंच, म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर फट राहिली पाहिजे. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी; ते उन्हात वाढतं, थंडीत आक्रसतं. बारा फुटी पट्टी हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत अर्धा इंच, कधी त्याहूनही जास्त लांब होते. त्या वाढीला जागा ठेवणं हेच या कामातलं खरं कसब. ज्याला ते जमत नाही किंवा घाईपायी करायचं नाही, त्याने दुसऱ्याच्या घराला हात लावू नये.

मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर शहरात आमचं घर आहे. १९२०च्या दशकातलं, लाकडी सांगाड्याचं, बाहेरून एकावर एक चढवलेल्या आडव्या फळ्यांचं, म्हणजे क्लॅपबोर्डचं. रंग दर काही वर्षांनी सोलत होता. कंत्राटदाराशी करार झाला त्यात शब्द स्पष्ट होते: जुन्या फळ्या उतरवायच्या, आतलं कुजलेलं लाकूड बदलायचं, हाउसरॅप, म्हणजे पाणी अडवणारं आवरण, लावायचं, खिडक्यांभोवती फ्लॅशिंग, म्हणजे पाणी बाहेर वळवणाऱ्या पट्ट्या, करायचं, आणि सायडिंग उत्पादकाच्या सूचनांप्रमाणे बसवायचं. शेवटचं कलम मी मुद्दाम घालून घेतलं होतं. त्याने ते वाचून सही केली होती.

जानेवारीत माणसं आली ती नेलगन घेऊनच. नेलगनने हे काम होतच नाही असं नाही, पण तिला खोली नेमकी बांधून द्यावी लागते. ती दिली गेली नव्हती. शिवाय पारा ४० फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण साडेचार सेल्सिअसच्या खाली असेल तर पट्टीच्या टोकाशी पाव इंचाऐवजी ३/८ इंच जागा सोडायची असते, कारण आक्रसलेली पट्टी पुढे जास्त वाढणार असते. हे खोक्यातल्या पत्रकावर छापलेलं आहे. मी ते पत्रक मुकादमाला दाखवलं. त्याने घडी घातली, खिशात ठेवलं आणि वीस वर्षं हेच करतोय म्हणून सांगितलं.

फळ्या उतरवल्यावर उत्तरेकडच्या खिडकीखाली लाकूड बोटाने खरवडलं तरी निघत होतं. त्यावर सरळ हाउसरॅप ताणायला ते तयार होते. "आत कोण बघतंय?" हे मुकादमाचं वाक्य अजून कानात आहे. मी काम थांबवलं, लाकूड बदलून घेतलं. करारात असूनही त्याचं वेगळं बिल आलं, तेही लिहून ठेवते.

इथे एक गोष्ट विशेषतः आपल्या लोकांसाठी. विटा-सिमेंटच्या घरात वाढलेल्या माणसाला बाहेरचं आवरण म्हणजे पाण्याला बांध वाटतो. व्हिनाइल तसं नाही. त्याच्या मागे पाणी जातंच, आणि प्रत्येक पट्टीच्या खालच्या कडेला असलेल्या बारीक छिद्रांतून ते बाहेर पडतं. घर कोरडं ठेवतं ते मागचं हाउसरॅप आणि फ्लॅशिंग. म्हणून ती छिद्रं कॉक (सीलंट) भरून बुजवायची नाहीत, आणि भिंत झाकण्याआधी प्रत्येक खिडकीचे फोटो काढायचे. खिडकीच्या वरचा जे-चॅनल, म्हणजे पट्ट्यांच्या कडा झाकणारी खाच, नुसता चौकोनी कापून बाजूच्या चॅनलला भिडवला असेल, तर कोपऱ्यातून पाणी थेट आत जातं; वरच्या चॅनलची जीभ खाली वाकवून बाजूच्या चॅनलमध्ये सोडावी लागते. आमच्या तीन खिडक्यांवर ती जीभ नव्हती. फोटो होते म्हणून ते सिद्ध करता आलं.

जूनमधल्या पहिल्या कडक उन्हात दक्षिणेची भिंत बोलायला लागली. दुपारभर टक्, टक्, मग मोठा कट्ट. बाहेर जाऊन पाहिलं तर भिंत उन्हात घातलेल्या पापडासारखी वाकली होती. कडांना घट्ट आणि मध्ये फुगलेली. मी दोन्ही तळवे एका पट्टीवर टेकून ती आडवी सरकवून पाहिली. तसूभर हलली नाही. मग गॅरेजपाशी गेले. गॅरेजची भिंत मी आणि नवऱ्याने स्वतः केली होती, त्याच खोक्यांतल्या मालाने, साध्या हातोडीने, पत्रक समोर ठेवून. तिथली पट्टी हलक्या दाबाने डावीकडे गेली, उजवीकडे आली. भिंत सपाट होती.

झिप टूल नावाची एक आकडेवाली पट्टी मिळते, काही डॉलरांत. ती खालून अडकवून ओढली की दोन पट्ट्यांची कुलपं सुटतात आणि आतलं दिसतं. आत खिळा भोकाच्या मध्ये नव्हता, एका टोकाला होता. त्याचं डोकं इतकं आत गेलं होतं की व्हिनाइलला खळगा पडला होता. पुढचे दोन खिळे तर भोक सोडून थेट प्लास्टिकमधून मारलेले. तीन मिनिटांत कळलं की दोष कुठे आहे. हे बघायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती, आणि ज्याने ते मारले त्यालाही ते दिसायला हवे होते.

बऱ्याच फोनांनंतर कंत्राटदार आला. ड्राइव्हवेवर उभा राहिला, भिंतीजवळ गेला नाही. म्हणाला, घर जुनं आहे, जुन्या भिंती सरळ नसतात. गॅरेज घराइतकंच जुनं आहे, हे मी सांगितल्यावर त्याने समोरच्या घराच्या खिडक्यांकडे बोट केलं. उष्णता परतवणाऱ्या लो-ई काचेवरून परावर्तित झालेलं ऊन सायडिंग वितळवतं, हे खरंच घडतं. पण तो डाग ठरावीक असतो, सूर्याबरोबर सरकत गेलेला पट्टा दिसतो आणि प्लास्टिक चुरगळल्यासारखं होतं. आमची अख्खी भिंत, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, फुगली होती, आणि समोरच्या घराच्या दक्षिणेकडे पाहणाऱ्या खिडकीचं ऊन तिच्यावर येणं भूमितीलाच मान्य नाही.

जुन्या भिंती वाकड्या असतात हेही मान्य. म्हणून तर फरिंग स्ट्रिप, म्हणजे लाकडाच्या पट्ट्या मारून आधी भिंत एका पातळीत आणायची असते. पायाची रेषा तिरकी असेल तर सर्वांत खालची स्टार्टर स्ट्रिप पायावरून नव्हे, लेव्हल लावून, खडूच्या दोरीने रेघ मारून बसवायची. घर जुनं असणं ही सबब नव्हे. ती कामाची पहिली माहिती आहे.

उत्पादकाची वॉरंटी मालापुरती असते. त्यांनी नम्र पत्र पाठवलं: पट्ट्यांत दोष नाही, बसवण्यात आहे. कंत्राटदाराची तोंडी हमी तोंडीच राहिली.

आम्हाला हाताशी काही राहिलं ते परमिटमुळे. सुरुवातीला त्याने सुचवलं होतं की परमिट घरमालकाच्या नावाने काढा, लवकर मिळेल. मी नकार दिला. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात, प्रकरण १४२ए, घरमालकाने स्वतः परमिट काढलं किंवा नोंदणी नसलेला कंत्राटदार नेमला, तर राज्याच्या लवादाचा आणि गॅरंटी फंडाचा दरवाजा बंद होतो. त्याच कायद्याप्रमाणे हजार डॉलरांवरच्या कामाचा करार लेखी लागतो, आणि आगाऊ रक्कम एकूण किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून किंवा खास मागवलेल्या मालाच्या किमतीहून, यातलं जे जास्त असेल त्याहून, अधिक मागता येत नाही. त्याने अर्धी मागितली होती. दुसऱ्या राज्यांत नियम वेगळे आहेत, ते आधी बघा. पण परमिट त्याच्याच नावावर असू द्या.

घर १९७८च्या आधीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती शिसेयुक्त रंगावर त्या वर्षी बंदी आली. २०१०च्या एप्रिलपासून असा रंग उकरणाऱ्या कंत्राटदार कंपनीला ईपीएचं, म्हणजे केंद्रीय पर्यावरण संस्थेचं, किंवा काही राज्यांत राज्याचं प्रमाणपत्र लागतं आणि काम सुरू करण्याआधी 'रिनोव्हेट राइट' ही पुस्तिका द्यावी लागते. पुस्तिका आम्हाला मिळाली. जमिनीवर प्लास्टिक अंथरायला मात्र मला सांगावं लागलं, आणि ते त्यांनी तोंड वाकडं करून अंथरलं. फळ्यांऐवजी अॅस्बेस्टॉस सिमेंटच्या चौकोनी तुकड्यांचं जुनं सायडिंग असेल, तर ते फोडू नका, फोडू देऊ नका.

तीन लेखी दर घ्या, ओळखीच्यांना विचारा, हे सगळे सांगतात. ते आम्ही केलं होतं. त्यापेक्षा उपयोगाचं हे: पहिल्या दिवशी चार ओळी लागल्या की काम थांबवायला सांगा आणि प्रत्येक पट्टी हाताने सरकवून बघा. सरकली नाही तर तिथेच उतरवायला लावा. आणि शेवटचा मोठा हप्ता निदान एक कडक उन्हाळी दिवस जाईपर्यंत न देण्याची अट करारातच लिहा. हिवाळ्यातल्या कामाला तर हे हवंच.

दक्षिणेची भिंत दुसऱ्या माणसाने पुन्हा केली. जुन्या पट्ट्या खिळ्यांनी फाटल्यामुळे बऱ्याचशा टाकाव्या लागल्या आणि नवा माल आणावा लागला. तो रंगात जरासा वेगळा दिसतो, कारण एक उन्हाळा खाल्लेलं व्हिनाइल आणि नवं व्हिनाइल जुळत नाही. म्हणून काम संपताना उरलेल्या पट्ट्या मागून घ्या, गॅरेजमध्ये ठेवा. आमच्याकडच्या उरलेल्या पट्ट्या पहिला कंत्राटदार गाडीत भरून घेऊन गेला होता. त्यांचे पैसे आमच्या बिलात होते.