मांजर अधूनमधून का खोकते?

भोकरदन तालुक्यात मका, सोयाबीन घरात येऊन पडले की उंदीर येतात, आणि उंदरांमागे मांजर आलेच. पोत्यांची राखण ते फुकट करते. तरीही म्हैस खोकली की आपण डॉक्टरांना निरोप धाडतो आणि मांजर खोकले तर ‘केस अडकले असतील’ म्हणून सोडून देतो.

खोकला व ओकारी यांतील फरक प्रथम ओळखावा. खोकताना मांजर जमिनीलगत दबून बसते, मान पुढे लांब ताणते आणि त्याला कोरडी ढास लागते. शेवटी काहीतरी गिळल्यासारखे करून ते निघून जाते. ओकारीत पोट जोराने आत-बाहेर होते व केसांची गुंडाळी, अन्न किंवा फेस बाहेर पडतो. वरचेवर ढास लागूनही बाहेर काहीच पडत नसेल, तर दोष केसांचा नसून श्वासनलिकेचा किंवा फुप्फुसाचा समजावा.

महिन्यातून एखादे वेळी, तेही मिरची कांडताना किंवा मळणीच्या धुराळ्यात ठसका लागला तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र काही मांजरांना माणसासारखाच दमा असतो. चुलीचा धूर, डासांची अगरबत्ती, धान्याची धूळ यांनी तो बळावतो. अशा मांजराची झोपण्याची जागा चुलीपासून व पोत्यांच्या थप्पीपासून दूर करावी.

शिकारी मांजरात आणखी एक कारण आढळते, ते म्हणजे फुप्फुसातील कृमी. बाधित मांजराच्या विष्ठेतील अळ्या गोगलगाईत शिरतात. ती गोगलगाय उंदीर, बेडूक, पाल किंवा पाखरू खाते आणि त्यांना मांजर खाते. सोयाबीनवरील शंखी गोगलगाय २०२२ मध्ये लातूर, बीड भागातील शेतकऱ्यांनी अनुभवली. पण गोगलगाय पिकापुरतीच त्रासदायक नाही, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. जंताचे प्रत्येक औषध या कृमींवर चालत नाही. पायरँटेल पोटातील गोल जंतांवर उपयोगी आहे, फुप्फुसातील कृमींसाठी फेनबेंडाझोल लागते. मात्रा वजनावर ठरते, म्हणून विष्ठा तपासून पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच द्यावी.

सर्वांत धोक्याचे कारण आपल्याच हातचे असते. ब्रोमॅडिओलोनसारख्या उंदीरनाशकाने रक्त गोठणे थांबते. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला, तर काही दिवसांनी त्याच्या फुप्फुसात रक्तस्राव होऊ शकतो. मांजर मलूल होते, खोकते, हिरड्या पांढऱ्या पडतात. वेळीच जीवनसत्त्व के-१ सुरू केले तर ते वाचू शकते. त्यासाठी घरात किंवा शेजारी कोणते औषध ठेवले होते, हे डॉक्टरांना न लपवता सांगावे व पाकीट सोबत न्यावे. मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत. मांजर पाळणाऱ्या घरात पिंजरा लावणेच बरे.

घरी करण्याजोगी तपासणी अगदी सोपी आहे. मांजर गाढ झोपले असता छातीची हालचाल घड्याळ लावून एक मिनिट मोजावी. वर-खाली मिळून एक श्वास. ३० पर्यंत ठीक. पुन्हा मोजूनही ४० च्या वर भरत असतील तर दवाखाना गाठावा. मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल, जीभ-हिरड्या निळसर किंवा पांढऱ्या असतील, तर सकाळची वाट पाहू नये. दवाखान्यात मांजर हमखास खोकत नाही. म्हणून ढास लागताच मोबाईलवर चित्रण करून ठेवावे.

माणसाचे खोकल्याचे औषध पाजू नये. पॅरासिटॅमॉल तर मुळीच नको. मांजराच्या शरीराला ते पचवता येत नाही आणि ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही जीव घेऊ शकते.

दवाखान्यात नेताना झाकणाची, हवा खेळती राहील अशी टोपली घ्यावी. धाप लागलेल्या मांजराला पोत्यात कोंडून मोटारसायकलला बांधले तर ते वाटेतच गुदमरते.