नकुशी आणि दगडू

प्रतिवर्षीं जून महिना लागला म्हणजे नव्या मुलांचीं नांवें पटावर चढविण्याचें काम सुरू होतें. काम तसें रुक्षच. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं एका मुलीला आम्हीं नांव विचारलें, तेव्हां तिनें मान खालीं घातली आणि उत्तर तिच्या वडिलांनीं दिलें, "नकुशी." गृहस्थ साधे व कष्टाळू होते. मुलीला शाळेंत घालावयाचें म्हणून दिवसाची मजुरी बुडवून ते आले होते. मुलीचा त्यांना तिटकारा होता असें कोणीहि म्हणणार नाहीं. मग हें नांव आलें कोठून? आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं या प्रश्नाचा आमच्याबरोबर थोडा विचार करावा, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

लागोपाठ मुली झाल्या म्हणजे शेवटच्या मुलीचें नांव 'नकोशी' ठेवावें, म्हणजे पुढील खेपेस मुलगा होतो, अशी समजूत आपल्याकडे पुष्कळ गांवांत होती. सातारा जिल्ह्यांत अशा मुलींचा शोध घेण्यांत आला, आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजीं तेथें समारंभ करून २८५ मुलींना नवीं नांवें देण्यांत आलीं. कोणी देवीचें नांव घेतलें, कोणी चित्रपटांतील नटीचें. ही चाल एकट्या आपलीच आहे असें मात्र नव्हे. तामिळ मुलखांत 'वेंडाम', म्हणजे 'नको', या नांवाच्या मुली सांपडतात. चीनमध्यें 'झाओदी' म्हणजे 'धाकट्या भावाला बोलावून आण' असें नांव ठेवीत. धर्म निराळे, भाषा निराळ्या, अपेक्षा तेवढी एक.

यावर कोणी म्हणेल, हलकीं नांवें मुलग्यांनाहि देतातच कीं. दगडू, धोंडू, केरबा हीं नांवें कोणीं ऐकलीं नाहींत? खरें आहे, आणि आमच्या मतें सारें मर्म येथेंच आहे. ज्या घरीं मुलगे जगत नसत, त्या घरीं नव्या मुलाला दृष्ट लागूं नये, काळाची नजर त्याच्यावरून सरकून जावी, म्हणून त्याला दगड म्हणत, केर म्हणत. तो इतका हवा असे कीं, तो नकोसा असल्याचें सोंग करावें लागे. मुलीच्या नांवांत सोंग नाहीं. शब्द दोन्हीकडे हलकाच. परंतु एक शब्द जपण्यासाठीं योजिलेला, दुसरा निरोप देण्यासाठीं. दगडू मोठा झाल्यावर आपल्या नांवाची कथा हंसत सांगतो. नकुशी ती कथा सांगत नाहीं.

हा भेद आईबापांच्या मनांत दुष्टपणानें येत नाहीं. तो मोठ्या आदरानें जपलेल्या कल्पनांतून येतो. मुलगा वंशाचा दिवा, पिंडदान त्याच्या हातचें, म्हातारपणची काठी तोच. मुलगी परक्याचें धन. 'पहिली बेटी, धनाची पेटी' असें आपण मोठ्या कौतुकानें म्हणतों; पण त्या कौतुकांतहि पहिलीचीच गणना आहे, आणि तीसुद्धां धनाच्या हिशेबानें! यांत हुंड्याची भर पडली म्हणजे विचारूंच नये. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा आहे. तो किती पाळला गेला हें लग्नकार्यांत वावरणाऱ्या वडील मंडळींना आम्हीं सांगावयास नको. बरें, मुलगी झाल्याचा दोष द्यावयाचा तो आईला. वस्तुतः मूल मुलगा होणार कीं मुलगी, हें पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतें. हें दहावीच्या पुस्तकांत शिकलेले विद्यार्थी घरीं गेल्यावर आजीला सांगतात काय, हें आम्हांला एकदां विचारून पाहावयाचें आहे.

हें सारें दारिद्र्यामुळें व अज्ञानामुळें घडतें असें पुष्कळांस वाटतें. खानेसुमारीचे आंकडे तसें म्हणत नाहींत. महाराष्ट्रांत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें १९९१ सालीं ९४६ मुली होत्या. २००१ सालीं ९१३ झाल्या आणि २०११ सालीं ८९४. २००१ च्या गणतींत ऊंस, दूध व शाळा यांनीं संपन्न अशा कोल्हापूर जिल्ह्यांत हा आंकडा ८३९ होता. गडचिरोलीच्या अरण्यांत तो कितीतरी बरा होता. गर्भाची तपासणी करून मुलगी नाकारण्याच्या प्रकाराविरुद्ध महाराष्ट्रानें १९८८ सालीं कायदा केला, व १९९४ सालीं देशाचा कायदा झाला. पूर्वींची समजूत मुलीला नांवानें नको म्हणे. पैसा व यंत्र हातीं आल्यावर तीच समजूत तिला जन्मालाच येऊं देईना. शिक्षणानें साधन दिलें, समजूत होती तेथेंच राहिली. आम्हां शिक्षकांना ही गोष्ट सुखाची नाहीं.

घरांतील नित्याच्या गोष्टींविषयीं थोडेंच लिहितों, कारण त्या सर्वांना ठाऊक आहेत. जेवण झाल्यावर ताटें कोण उचलतो, परीक्षा जवळ आली असतां पाणी भरण्यास कोणाला उठवितात, दूध थोडें असलें तर पेला कोणाच्या हातीं जातो, हें प्रत्येकानें आपल्याच घरीं पाहावें. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं 'स्त्रीपुरुष तुलना' हें पुस्तक १८८२ सालीं लिहिलें. जे दोष बायकांच्या माथीं मारतां ते पुरुषांत नाहींत काय, असें त्यांनीं त्यांत रोखठोक विचारलें आहे. त्यांचा प्रश्न अजून जुना झालेला नाहीं.

पटावरील रकानेहि आतां बदलणार आहेत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नोंदींत मुलाचें नांव, मग आईचें, मग वडिलांचें व शेवटीं आडनांव, असा क्रम महाराष्ट्र सरकारनें ठरविला आहे. छापील नमुने बदलावे लागणार म्हणून कचेरींत कुरकुर होईल, ती आम्ही आनंदानें ऐकूं.

आमची ती विद्यार्थिनी आठवींत असतां आपल्या वह्यांवर स्वतः निवडलेलें नांव घालूं लागली. तिच्या वडिलांनीं तें पाहिलें व एके दिवशीं ते अर्ज घेऊन आले. प्रतिज्ञापत्र, राजपत्र, पटावरील दुरुस्ती या सर्वांस बरेच महिने लागले. मैत्रिणींना एक मधली सुट्टी पुरली होती.