तोंडाने घ्यावयाची कर्करोगाची औषधे : घरी बाळगावयाची दक्षता

कर्करोगावरील औषध म्हटले की रुग्णालयातील खाट आणि शिरेतून दिली जाणारी सलाईन डोळ्यांपुढे येते. आता यांतील बरीच औषधे गोळ्यांच्या रूपात मिळतात. त्यामुळे भैंसा व मुधोळ परिसरातील रुग्णास दर खेपेस हैदराबाद, नांदेड किंवा मुंबईची वाट धरावी लागत नाही. तथापि, रुग्णालयात परिचारिका जी दक्षता बाळगते तिची जबाबदारी अशा वेळी घरच्या माणसांवर येते. गोळी लहान दिसली तरी तिचे सामर्थ्य सलाईनमधील औषधाहून कमी नसते.

औषधाचे कार्य

तंबाखू, गुटखा व सुपारीच्या सेवनामुळे तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण आपल्या देशात मोठे आहे. शस्त्रक्रियेने बरा न होणाऱ्या, पुढच्या अवस्थेतील डोके व मानेच्या कर्करोगावर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने 2016 ते 2020 या काळात 422 रुग्णांचा अभ्यास केला. एका गटास दर तीन आठवड्यांनी सिस्प्लॅटिनचे इंजेक्शन देण्यात आले. दुसऱ्या गटास आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट व दररोज सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या देण्यात आल्या. गोळ्या घेणाऱ्या गटातील रुग्णांचे मध्यक आयुष्य 7.5 महिने, तर इंजेक्शनच्या गटातील 6.1 महिने आढळले. तीव्र दुष्परिणामही गोळ्यांच्या गटात कमी होते.

मेथोट्रेक्सेटचा इतिहास तेलुगू प्रदेशाशी जोडलेला आहे. आंध्रातील भीमवरम येथे 1895 साली जन्मलेले शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील चमूने या वर्गातील औषधे तयार केली. पेशींना विभाजनासाठी फोलिक आम्लाची गरज असते. हे औषध त्या आम्लाचे कार्य रोखते व कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबवते. परंतु तोंडाचे अस्तर, आतडे आणि रक्त निर्माण करणारी अस्थिमज्जा यांतील पेशीही वेगाने वाढतात. त्यामुळे त्यांनाही औषधाची झळ लागते. बहुतेक दुष्परिणामांचे मूळ येथे आहे.

सर्वांत घातक चूक

आठवड्यातून एकदा घ्यावयाचे मेथोट्रेक्सेट चुकून दररोज घेतले जाणे ही सर्वांत घातक चूक होय. दोन मात्रांमधील काळात निरोगी पेशी सावरतात. हा काळ मिळाला नाही तर तोंड सोलवटते, रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात व जंतुसंसर्गाने मृत्यूही ओढवू शकतो. आपल्या भागात घरात मराठी, बाजारात तेलुगू किंवा उर्दू आणि औषधाच्या चिठ्ठीवर इंग्रजी अशी स्थिती असते. सबब चिठ्ठी जाणकाराकडून वाचून घ्यावी व आठवड्याचा वार घरच्या भाषेत मोठ्या अक्षरांत पाकिटावर लिहावा. आठवडी बाजाराचा दिवस ठरविल्यास विसर पडत नाही. गोळी घेताच दिनदर्शिकेवर खूण करावी. फोलिक आम्लाची गोळीही पुष्कळदा पिवळीच असते, म्हणून रंगावरून औषध ओळखू नये.

प्रत्येक औषधाची रीत वेगळी असते. कॅपेसिटाबीन बहुधा दिवसातून दोनदा, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, 14 दिवस घेऊन पुढे 7 दिवस बंद ठेवतात. शेजारच्या रुग्णाची रीत आपल्यास लागू होत नाही.

सर्वसाधारण नियम

1. गोळी चावू, फोडू किंवा कुटू नये. पाण्याबरोबर सबंध गिळावी.
2. मात्रा चुकल्यास पुढील वेळी दुप्पट घेऊ नये. उलटी झाल्यास ती मात्रा स्वतःहून पुन्हा घेऊ नये. डॉक्टरांना कळवावे.
3. मदतनिसाने हातमोजे घालून गोळी द्यावी व नंतर साबणाने हात धुवावेत. गरोदर स्त्रीने ती हाताळू नये.
4. गोळ्या मूळ वेष्टनात, चुलीपासून व उन्हापासून दूर, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. उरलेल्या गोळ्या उकिरड्यावर न टाकता रुग्णालयात परत कराव्यात.
5. उलटी वा विष्ठेने भरलेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवावेत.
6. डॉक्टरांनी दिलेल्याखेरीज वेदनाशामक व सल्फायुक्त गोळ्या, भस्मे किंवा काढे घेऊ नयेत. काहींमुळे मेथोट्रेक्सेट शरीरात साचून विषारी ठरते.
7. उपचाराच्या काळात गर्भधारणा टाळावी.

दुष्परिणाम व उपाय

तोंड आल्यास पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ व पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चुळा भराव्यात. तिखट, गरम पदार्थ व तंबाखू वर्ज्य करावी. ज्वारीची मऊ कण्या-पेज, वरण-भात, ताजे ताक यांनी पोषण टिकते. मळमळ असल्यास थोडे थोडे, वारंवार खावे. जुलाब झाल्यास जलसंजीवनी सुरू करावी.

कॅपेसिटाबीनमुळे तळहात व तळपाय लाल होऊन त्यांची आग होते. अशा वेळी कापूस वेचणे, विळा-कुदळीचे काम आणि गरम पाणी टाळावे. सैल चपला वापराव्यात व त्वचेला खोबरेल तेल वा व्हॅसलीन लावावे.

पुढील लक्षणे दिसताच गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधावा : 100.4 अंश फॅरनहाइट वा अधिक ताप, नेहमीपेक्षा दिवसाला चार वा अधिक जादा शौच, रात्रीचे जुलाब, पाणीही न गिळता येईल इतकी तोंडाची जखम, रक्तस्राव, धाप, कातडी वा डोळे पिवळे होणे. तापावर गोळी घेऊन सकाळची वाट पाहणे जिवावर बेतू शकते.

गावाचा वाटा

हैदराबादचे मेहदी नवाज जंग कर्करोग रुग्णालय 1955 पासून कार्यरत आहे. पण तेथून घरी आलेला रुग्ण महिनाभर गावाच्याच आधाराने राहतो. शिक्षकाने चिठ्ठी वाचून दिनदर्शिका भरून दिली, आशा कार्यकर्तीने आठवड्यातून एकदा खुणा तपासल्या व ग्रामसेवकाने रात्री वाहन मिळण्याची सोय आधीच ठरवून ठेवली, तर दूरचा उपचार घरीही सुरक्षितपणे पार पडतो. यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. रुग्णाच्या घरी भिंतीवर टांगलेली दिनदर्शिका, तिच्या शेजारी लिहिलेला रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक आणि एक तापमापक एवढी सिद्धता प्रत्येक कुटुंबाने पहिली गोळी घेण्यापूर्वी करावी.