आवारात दुसरी इमारत असताना घराचे ऊर्जा-मूल्यांकन

बेंगळुरूच्या जे. पी. नगरातील ६० × ८० फुटांचा एक भूखंड उदाहरणादाखल घेऊ. पुढे राहते घर, मागे सुटी उभी असलेली दोन खोल्यांची इमारत. वीजमीटर मात्र एकच. अशा ठिकाणी मूल्यांकनापूर्वी सीमा ठरवावी लागते. ‘घर’ म्हणून नेमके काय मोजायचे?

घराची ऊर्जा-कामगिरी वार्षिक वीजवापराला बांधीव क्षेत्रफळाने भागून काढतात. समजा, मुख्य घर १५० चौरस मीटरचे असून वर्षाला ६,००० युनिट वीज लागते. निर्देशांक ४० येतो. मागची ५० चौरस मीटरची, जवळजवळ विजेविना असलेली कोठी क्षेत्रफळात मिळवली की तोच ३० होतो. एका युनिटचीही बचत झालेली नसते. असे प्रमाणपत्र मिळालेच, तरी ते घरमालकाचीच दिशाभूल करते. यावर साधा उपाय म्हणजे दुसऱ्या इमारतीला उपमीटर बसवून किमान वर्षभराच्या नोंदी ठेवणे.

इमारतीच्या बाह्य आवरणासाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये इको निवास संहिता आणली. समशीतोष्ण बेंगळुरू असो वा उष्ण-कोरडे सोलापूर, छत वगळून उर्वरित आवरणातून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा प्रति चौरस मीटर १५ वॅट आहे. छताचे उष्णता-पारगमन १.२ पेक्षा अधिक नसावे. उघडा काँक्रीटचा स्लॅबही या कसोटीला उतरत नाही, मग पत्र्याचे काय! सुट्या इमारतीला स्वतःच्या चार भिंती, स्वतःचे छत व वेगळी दिशा असते. म्हणून तिचे गणित स्वतंत्रच मांडावे.

ही संहिता ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे. वरील भूखंड सुमारे ४४६ चौरस मीटरचा असल्याने तिच्या कक्षेत येत नाही. तेथे मूल्यांकन ऐच्छिक ठरते. शेतावरचे आवार मात्र सहज मोठे असते, कारण ५०० चौरस मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे. संहिता लागू करण्याचा निर्णय राज्य व स्थानिक संस्थांवर अवलंबून असल्याने बांधकाम परवान्याच्या वेळीच चौकशी करावी.

शेतघरात गुंता अधिक असतो. कडबाकुट्टी, दूध काढणी यंत्र घराच्याच मीटरवर चालत असतील, तर त्यांचा वापर वेगळा काढल्याशिवाय घराचा आकडा खरा येणार नाही. गोठा व गोदाम निवासी क्षेत्रात धरू नयेत. सालगड्याचे कुटुंब राहते ती खोली मात्र निवासी होय. पत्र्याचे छप्पर बहुधा तिच्यावरच असते, आणि तिला हिशेबाबाहेर ठेवण्याचा मोहही तेथेच होतो.