सुताराने गाव कसं निवडावं

माझा भाचा संगमेश्वरला काम शिकून तयार झाला आणि आता विचारतोय, "मामा, खोली कुठे घेऊ?" कल्याणच्या पुढच्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही गावांत मी काम केलं आहे. त्याला जे सांगितलं, तेच इथे लिहितो.

१. भाडं नंतर विचारावं, आधी काम कुठल्या तऱ्हेचं मिळतं ते बघावं. फाळणीत घरदार गमावून आलेल्या सिंधी कुटुंबांनी लष्करी छावणीच्या बराकींत संसार आणि धंदे उभे केले, आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. तिथल्या फर्निचर बाजाराला तयार माल लागतो: पलंग, दिवाण, कपाटं. मजुरी नगावर. नव्या पोराने पहिली काही वर्षं तिथे जरूर काढावीत, हाताला वेग येतो. पण तिथेच मुरू नये. वर्षानुवर्षं एकाच मापाचं कपाट ठोकणाऱ्याला वाकड्या भिंतीत चौकट बसवणं जड जातं.

२. बदलापुरात नव्या इमारती सारख्या उठतात. चावी हातात आली की गिऱ्हाईक आधी किचन ट्रॉली करतं, मग वॉर्डरोब. घराचा हप्ता नुकताच सुरू झालेला असतो, म्हणून काम टप्प्याटप्प्याने निघतं. सुताराने तेवढा धीर धरावा. एका घरचे ड्रॉवर न अडकता सरकले की त्याच जिन्यात पुढचं काम मिळतं. प्लाय-लॅमिनेटचं बिल मात्र गिऱ्हाइकाच्याच नावाने करावं. मजुरी आणि माल यांचा हिशेब एकत्र केला की संशय शिरतो.

३. गाळा घेण्याआधी उल्हास नदी बघून यावी. २६ जुलै २००५ चा पूर इथे कोणी विसरलेलं नाही. २०१९ च्या जुलैत तर महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती. नदीकाठचा तळमजल्याचा गाळा स्वस्त मिळतो, पण आपला माल म्हणजे लाकूड. साधा प्लाय पाण्यात बसला की फुगतो, थर सुटतात. एमडीएफचा तर लगदाच होतो. मरीन प्लाय टिकला तरी गाळाने माखलेला बोर्ड कुठलं गिऱ्हाईक घेईल? शेजारच्या दुकानदाराला भिंतीवरची पाण्याची खूण विचारावी, जमलं तर जुलैत गाळा बघावा, आणि डिपॉझिट त्यानंतरच द्यावं. बोर्ड कायम घोडीवर ठेवावेत, जमिनीला टेकवू नयेत.

४. मुंबईच्या कामाचा मोह मला पटत नाही. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. हत्यारांची पेटी घेऊन सकाळच्या लोकलला मालडब्यात उभं राहिलेला माणूस पोचतो तेव्हाच दमलेला असतो. शिवाय बिजागरी सैल झाली म्हणून फोन आला तर त्याच संध्याकाळी जाता आलं पाहिजे. सुताराचं नाव त्या फुकटच्या दहा मिनिटांवर होतं.

५. उल्हासनगरच्या जुन्या इमारतींत पोटमाळा किंवा भिंतीवरचं जड कपाट मागितलं, तर आधी स्लॅब बघावा. २०२१ च्या मे महिन्यात तिथे स्लॅब कोसळून माणसं गेली. सळई दिसत असेल, प्लास्टर पोकळ वाजत असेल, तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय ड्रिल लावू नये. गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल.

६. मी स्वतः अंबरनाथला राहिलो. प्लाय, हँडल, चॅनेल घ्यायला उल्हासनगर एक स्टेशन अलीकडे, घरची कामं बदलापूरला एक स्टेशन पुढे. पावसाळ्यात घरची कामं मंदावली की एमआयडीसीतल्या कारखान्यांना पॅकिंगच्या लाकडी पेट्या लागतात. त्या कामात कौशल्य कमी आणि पैसेही उशिरा मिळतात, पण हाताखालच्या पोरांची हजेरी बुडत नाही. फक्त राहती खोली आणि कटर एका इमारतीत ठेवू नये. भुसा आणि आवाज शेजाऱ्यांनी का सोसावा? भाच्याला मी पूर्वेला खोली बघतोय, गाळा वेगळा.