पैदाशीचा मेंढा सोडण्याआधी जनुक चाचणी करून घ्या

मृगाचा पाऊस पडून माळावर हिरवे फुटले की मेंढ्या माजावर येऊ लागतात. जून ते ऑगस्टमध्ये फळलेली मेंढी पाच महिन्यांनी विते. म्हणून कळपात कोणता मेंढा ठेवायचा, हे आताच ठरवा.

दख्खनी मेंढी काटक, पण बहुधा एकच कोकरू देणारी. तिच्या जाड लोकरीला आज फारसा भाव नाही. मेंढपाळाचे घर चालते ते कोकरांच्या विक्रीवर. सुंदरबनातील गरोळ मेंढी चणीने लहान असली तरी जुळी-तिळी देते. हा गुण देणारा ‘फेक-बी’ जनुक फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनीत उतरवला आणि ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली. या जनुकातला नेमका बदल 2001 मध्ये सापडला. तेव्हापासून थोड्याशा रक्तावरून थेट डीएनए चाचणी करता येते.

चाचणी मेंढ्याचीच का?
जुळ्यांचा गुण मेंढ्याच्या अंगावर दिसत नाही. त्याच्या लेकी विण्याची वाट पाहायची तर दोनेक वर्षे जातात. चाचणीने तो कोकरू असतानाच उत्तर मिळते.

निकाल असा वाचा
- जनुकाच्या दोन प्रती: साध्या मेंढ्यांपासून झालेल्या त्याच्या प्रत्येक कोकरात एक प्रत येते.
- एक प्रत: सरासरी निम्म्या कोकरांत जनुक उतरतो. कळपात ठेवायच्या मादी कोकरांची चाचणी करा.
- एकही प्रत नाही: जुळ्यांसाठी उपयोग नाही. वाढ उत्तम असेल तर वजनासाठी ठेवा.

मेंढा आणल्या वर्षी जुळी वाढणार नाहीत. फायदा त्याच्या लेकी विऊ लागल्यावर दिसतो. त्या लेकींवर तोच मेंढा फिरू देऊ नका. दर दोन वर्षांनी मेंढा बदला.

वजन आणि लोकर
हे गुण एका जनुकावर ठरत नाहीत. ऑस्ट्रेलियात मेरिनो मेंढ्यांची निवड हजारो जनुकीय खुणा तपासून होते, पण त्यामागे मोजमाप केलेल्या हजारो जनावरांच्या नोंदी असतात. आपल्याकडे सुरुवात नोंदींपासूनच करावी लागेल. कानात बिल्ला मारा. जन्माचे व तीन महिन्यांचे वजन आणि कातरणीला निघालेली लोकर वहीत लिहा.

आता करायची कामे
- मेंढा सोडण्याआधी दोन-तीन आठवडे मेंढ्यांना रोज 200 ते 250 ग्रॅम खुराक द्या.
- 25 ते 30 मेंढ्यांमागे एक मेंढा ठेवा. बिनकामाचे नर वेगळे करा किंवा बडवून घ्या.
- पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतनाशक व आंत्रविषाराची लस द्या.
- गाभणपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत खुराक वाढवा. जुळी कोकरे जन्मतः हलकी असतात. दोघांनाही तासाभरात चीक पाजा.

चारा-पाण्याची सोय नसेल तर जुळ्यांच्या मागे लागू नका. अशक्त आईची दोन कोकरे मरण्यापेक्षा धडधाकट एक बरे. सोय असेल तर मात्र यंदा मेंढा केवळ शिंगे आणि उंची पाहून घेऊ नका. चाचणीचा दाखला मागा, मगच पैसे मोजा.