एक मैफल, एक चेहरा



गणेशोत्सव जवळ आला की आपल्याकडे गाण्याच्या कार्यक्रमांची तयारी सुरू होते. तालमी महिनाभर चालतात, पण जाहिरातीचे काम शेवटच्या आठवड्यात तिघांना वाटून दिले जाते. एक जण निमंत्रणपत्रिका छापून आणतो, दुसरा फ्रीगंजमधून फ्लेक्स करून आणतो आणि तिसरा मोबाइलवर चित्र तयार करून सगळ्यांना पाठवतो. तिन्हींचे रंग वेगळे, अक्षरे वेगळी, कधी कधी नावही वेगळे! पाहणाऱ्याला हे तीन निरनिराळे कार्यक्रम वाटतात आणि तिन्ही विसरले जातात. महिनाभर घोटलेले गाणे मग निम्म्या रिकाम्या खुर्च्यांसमोर होते. हे टाळायचे कसे, ते या पाठात पाहू.

कुत्रा आणि कर्णा

नोव्हेंबर 1902 मध्ये फ्रेड गैसबर्ग या तंत्रज्ञाने कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होत. तेथील कारागिरांना कोणाचे गाणे आहे हे कळावे म्हणून गायिका गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत सांगत असे. काळी तबकडी दुसऱ्या काळ्या तबकडीसारखीच दिसते; ओळख पटवायला काहीतरी खूण लागतेच.

याच ग्रामोफोन कंपनीने 1899 मध्ये फ्रान्सिस बरॉड या चित्रकाराचे एक चित्र विकत घेतले होते. चित्रात निपर नावाचा कुत्रा यंत्रातून येणारा आवाज ऐकत बसला आहे. मूळ चित्रात यंत्र दुसऱ्या प्रकारचे होते. कंपनीने त्याजागी आपला ग्रामोफोन रंगवून घेतला. 1909 पासून हे चित्र तबकडीच्या लेबलवर येऊ लागले आणि पुढे भारतातही घरोघरी पोहोचले. गायक बदलले, भाषा बदलली, राग बदलले; कुत्रा आणि कर्णा मात्र राहिले. ज्याला इंग्रजी वाचता येत नव्हते तोही एच.एम.व्ही.ची तबकडी बरोबर ओळखत असे. भारतातील या कंपनीचे नाव 2000 मध्ये ‘सारेगामा’ झाले, तरी जुन्या मंडळींच्या तोंडी आजही एच.एम.व्ही. आहे.

यातून घ्यायचा धडा एवढाच : ओळख सुंदर चित्राने होत नाही, तेच चित्र पुन्हापुन्हा दिसल्याने होते.

आधी नाव

चित्राच्याही आधी नाव येते. याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारी देवासला आहे. कुमार गंधर्व 1948 मध्ये तेथे राहायला आले. त्यांनी ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’, ‘गीतवसंत’, ‘त्रिवेणी’, ‘तांबे गीतरजनी’ असे एकेका कल्पनेवर बांधलेले कार्यक्रम सादर केले. नाव वाचताच काय ऐकायला मिळणार हे कळते. उलट ‘स्वरांजली’ आणि ‘स्वरसंध्या’ प्रत्येक गावात दहा सापडतील. नाव असे निवडा की त्यातून रंग आणि चित्र आपोआप सुचेल. पावसाच्या गाण्यांना निळा-हिरवा शोभतो. तेथे भगवी झालर कशाला?

एका कागदावर पाच गोष्टी

काम वाटून देण्याआधी पुढील गोष्टी एका कागदावर लिहा आणि प्रत्येकाला त्याची प्रत द्या.

1. चिन्ह : एकच आणि साधे. तंबोऱ्याची रेखाकृती चालेल. दहा वाद्यांची गर्दी नको. ते नखाएवढे छापले तरी ओळखू आले पाहिजे.
2. रंग : दोन, फार तर तीन. छपाईत आणि पडद्यावर रंग सारखे उमटत नाहीत, म्हणून छापलेला नमुना जवळ ठेवा आणि प्रत्येक छपाईवाल्याला तोच दाखवा.
3. अक्षर : शीर्षकाला एक वळण, मजकुराला दुसरे. तिसरे नाही.
4. छायाचित्र : कलाकाराचे एकच छायाचित्र सगळीकडे. मोबाइलवरून वारंवार पाठवलेले छायाचित्र फ्लेक्सवर फाटल्यासारखे दिसते. मूळ मोठी प्रत मागून घ्या.
5. क्रम : कार्यक्रमाचे नाव, कलाकार, वार-दिनांक-वेळ, स्थळ. पत्रिका असो की फलक, हा क्रम बदलायचा नाही.

उज्जैनमधील दोन अडचणी

पहिली अडचण ‘ळ’ची. आपल्याकडचे टाइप करणारे हिंदीला सरावलेले असतात. पत्रिकेवर ‘मंडळ’ आणि फलकावर ‘मंडल’, एकीकडे ‘मंगळागौर’ तर दुसरीकडे ‘मंगलागौर’, असे सहज होते. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणेही हिंदीपेक्षा वेगळी आहेत. ही किरकोळ बाब नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहून आपण जपलेली ओळख या अक्षरांतूनच दिसते. म्हणून शीर्षक एकदाच शुद्ध लिहून त्याचे चित्र तयार करा आणि सर्वांना तेच द्या. पुन्हा टाइप करायचेच नाही.

दुसरी अडचण तिथीची. आपला महिना अमावास्येला संपतो, माळव्यातील पंचांगाचा पौर्णिमेला. आपली कार्तिक वद्य पंचमी ही येथील मार्गशीर्ष कृष्ण पंचमी असते. पत्रिकेवर एक महिना आणि फलकावर दुसरा आला तर पाहुणा गोंधळणारच. तिथी घालायची तर घाला, पण वार आणि इंग्रजी तारीख सर्वत्र ठळक हवी.

छापण्यापूर्वी

पत्रिका, फलक आणि मोबाइलवरील चित्र शेजारी शेजारी ठेवा. या कामात नसलेल्या एखाद्या मित्राला किंवा आजीला बोलवा आणि दहा पावलांवरून विचारा, ‘हे किती कार्यक्रम आहेत?’ उत्तर ‘एक’ आले तरच छपाईला द्या. कार्यक्रम झाल्यावर तो कागद फाइलला लावून ठेवा. पुढच्या वर्षी फक्त तारीख आणि कलाकार बदलतील. मुख्य फलक कापडी असेल तर तोही पुन्हा वापरता येईल आणि खर्च वाचेल.

स्वाध्याय

1. घरात जुन्या तबकड्या किंवा कॅसेटी असल्यास एकाच कंपनीच्या तीन घ्या. कोणत्या गोष्टी तिन्हींवर सारख्या आहेत, त्यांची यादी करा.
2. तुमच्या वर्गाच्या गाण्याच्या कार्यक्रमाला नाव द्या आणि वरील पाच गोष्टींचा कागद तयार करा.
3. येत्या आठवड्यात रस्त्यावर दिसणाऱ्या फलकांवर ‘ळ’ कोठे हरवला आहे, ते शोधून वहीत नोंदवा.